नळावरचे दोन ठोके

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. बत्तीस वर्षं मी नारायणगुड्यातल्या मराठी शाळेत गणित शिकवलं. सातवी ब च्या वर्गाला तोंड दिलेल्या बाईला भूत काय घाबरवणार? तरीही गेल्या हिवाळ्यात मी माझ्याच स्वयंपाकघरातल्या एका भिंतीला पाठ लावायची बंद केली होती, हेही खरं. ही गोष्ट त्या भिंतीतून जाणाऱ्या लोखंडी पाइपची आहे, आणि माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या तारामतीबाईंची आहे.

बरकतपुऱ्यात आमची जुनी तीन मजली बिल्डिंग आहे. खाली मी एकटी. अंगणात जमिनीखालची टाकी, तिला इथे सगळे संप म्हणतात. दिवसाआड दुपारी तीनला नळाला पाणी येतं, ते संपात पडतं, आणि मोटार लावली की पाइपातून गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीत चढतं. पाइप माझ्या स्वयंपाकघरातून निघतो, पहिल्या मजल्याच्या मागच्या खोलीतून जातो, दुसरा मजला पार करून गच्चीवर पोचतो. मोटारीचं बटण माझ्या मागच्या दाराशी. ज्याला आठवेल तो दाबायचा, आणि कुणालाच आठवलं नाही की दुसऱ्या दिवशी सगळे मिळून माझ्याकडे बघायचे.

चार वर्षांपूर्वी तारामतीबाई, त्यांचे यजमान हिम्मतराव आणि पुतणी रेणू असे तिघे पहिल्या मजल्यावर राहायला आले. मांजरा नदीकाठचं गाव, नारायणखेडच्या पलीकडलं. गावाचं नाव मला ठाऊक आहे, पण इथे घालत नाही. रेणूला पाणी तपासायच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून ते सगळे शहरात आले होते. सामान लावून व्हायच्या आत, तिसऱ्याच दिवशी, बाई खाली माझ्या दारात उभ्या.

"मोटार कोन चालवायलंय हितं?"

"ज्याला आठवेल तो," मी म्हटलं.

"आन् वर टाकीत कोन हाय का न्हाई, ते कोन बघायलंय?"

"टाकीत कोण असणार, तारामतीबाई? पाल?"

त्या हसल्या नाहीत. माझा विनोद कुणी असा जमिनीवर सोडून दिला की मला राग येतो. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी गप्प बसले.

त्या दिवसापासून मोटार त्यांनीच घेतली. तीन वाजले की त्या खाली यायच्या. कापडी पिशवीतून एक जुना, जड पाना काढायच्या. पाइपवर तीन ठोके द्यायच्या. टण्, टण्, टण्. मग डोळे मिटून पाइपला कान लावायच्या आणि ओठांतल्या ओठांत शंभर मोजायच्या. उत्तर अर्थातच यायचं नाही. मग गुडघे धरत तीन जिने चढून गच्चीवर जायच्या, टाकीचं झाकण सरकवायच्या, आत डोकं घालून बघायच्या, पुन्हा उतरायच्या, आणि तेव्हा कुठे बटण दाबायच्या. दर दिवसाआड. साठी उलटलेली बाई!

दुसऱ्या मजल्यावरचा पुण्याचा अनिकेत, कंप्युटरवाला, चांगला मुलगा आहे. तो म्हणाला, "मावशी, सेन्सर बसवतो. टाकी रिकामी झाली की मोटार आपोआप सुरू." त्या म्हणाल्या, "सेन्सर पानी बघतो बाळा. मानूस बघत न्हाई." अनिकेतने माझ्याकडे पाहिलं, मी कपाळाला हात लावला. बाईंच्या डोक्यात थोडा घोळ आहे असं आमच्या दोघांचं एकमत झालं.

घोळ नव्हता. हळूहळू दुपारच्या चहावर त्यांचं आयुष्य माझ्या कानावर येत गेलं. सोळाव्या वर्षी लग्न. नदीवर रोज तीन खेपा. डोक्याच्या मधोमध रुपयाएवढ्या जागेत त्यांना केसच नाहीत. घागरीखाली चुंबळ ठेवायची, तिनं ती जागा झिजवली. वेणी घालताना त्या ती जागा पदरानं झाकतात. एकदा म्हणाल्या, "हितलं केस नदीनं खाल्लं," आणि स्वतःच हसल्या.

मग गावात पाण्याची योजना आली. नदीकाठी विहीर आणि पंप, टेकाडावर उंच टाकी, मध्ये उघड्यावरून खांबांवर चढत गेलेला लोखंडी पाइप. टाकीचं जास्तीचं पाणी खालच्या पाटाला, भिजवणीला. समितीत निम्म्या बायका पाहिजेत असा वरून नियम आला. समितीत तारामतीबाईंचं नाव लागलं, त्यांच्या धाकट्या जावेचं, त्रिवेणीचंही लागलं. बैठकीला मात्र हिम्मतराव जायचे. वहीत बायकोची सही तेच करायचे, भावजयीचीही तेच करायचे. त्रिवेणीचा नवरा कामाला म्हणून पुण्याकडे गेला तो परतलाच नव्हता, तेव्हा घरातला पुरुष एकच. सगळ्या गावात हीच रीत. समितीला बायका नको होत्या, बायकांची नावं हवी होती.

पण रोजचं काम नावानं होत नाही. पहाटे नदीवर जाऊन वॉल्व्हचं चाक फिरवणं, टाकीत उतरून शेवाळ घासणं, हे कुठल्या पुरुषाला करायचं होतं? ते बायकांकडे आलं. खाली चाकापाशी तारामती, वर टाकीपाशी त्रिवेणी. मोबाइलला त्या खोलगटात रेंज नव्हती आणि हाक पोचत नव्हती. म्हणून दोघींनी ठरवलं. खालून तीन ठोके म्हणजे, टाकीत कुणी आहे का? वरून दोन ठोके म्हणजे, कुणी नाही, सोड पाणी.

"तिचा हात मला वळखू यायचा," तारामतीबाई सांगायच्या. "पैला ठोका जड, दुसरा हलका. लोटा खाली ठिवून त्येच्यावर झाकन ठिवल्यावानी."

या त्रिवेणीचा एक किस्सा त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या आणि मीही दर वेळी हसायचे. त्यांच्या घरात धाकट्या सुनेनं थोरल्या दिरासमोर बोलायचं नाही. त्यानंही तिचं नाव घ्यायचं नाही. एकदा म्हैस सुटून पिकात शिरली. घरात हिम्मतराव एकटे, ओसरीवर हिशेब बघत बसलेले. त्रिवेणी पदर ओढून खांबाशी गेली आणि हळूच खांबाला म्हणाली, "खांबा रे खांबा, म्हस सुटलीया." हिम्मतरावांनी ऐकलं, उठले, म्हैस बांधली, आणि परत येऊन तेही खांबालाच म्हणाले, "बांधली." आठ वर्षं त्या दोघांचं सगळं बोलणं असंच झालं.

त्रिवेणी गेली एवढं मला माहीत होतं. कशी, ते बाईंनी कधी सांगितलं नव्हतं. तिची पाच वर्षांची रेणू तारामतीबाईंनी वाढवली. त्यांना स्वतःचं मूल नाही.

त्रिवेणी गेल्यानंतर बाईंनी ती योजना पंधरा वर्षं चालवली. पाटाच्या पाणीपाळीच्या चिठ्ठ्या त्याच काढायच्या. पाटकरी बाई म्हणून आजूबाजूच्या गावांत नाव झालं. अकरा बायकांनी टाकीखालची पडीक जमीन कसायला घेतली, भेंडी-वांगी बाजारात जाऊ लागली. घागर उतरल्यावर मुली शाळेत जाऊ लागल्या, आणि त्यातलीच एक रेणू. बाईंनी ग्रामसभेत एक नियम मात्र भांडून करून घेतला होता. जिची सही तिनंच करायची, आणि टाकीपाशी जी असेल तिनं नुसतं ठोकायचं नाही, स्वतःचं नाव ओरडून सांगायचं. बाईच्या जागी पुरुष चालणार नाही. पुरुषांनी केवढा गोंधळ घातला! तेव्हा पहिला हात वर केला तो हिम्मतरावांनी. हे ऐकून मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं होतं. असे नवरे कुठे मिळतात, असंही मी म्हटलं होतं. बाई म्हणाल्या, "व्हय. मलाबी नवल वाटलं."

गेल्या कार्तिकात हिम्मतरावांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. न्हाणीघर जवळ म्हणून त्यांची खाट मागच्या खोलीत, पाइपच्या भिंतीला लावली. रेणू नोकरीवरून येऊन त्यांना पेज भरवायची. त्यांना ती बाबाच म्हणते.

जानेवारीतली गोष्ट. मी भाजी निवडत होते. तीन वाजले, बाई आल्या, पाना काढला. टण्, टण्, टण्. कान लावला, डोळे मिटले.

आणि उत्तर आलं.

टण्. टण्.

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. गच्चीला कुलूप होतं, किल्ली माझ्या कनवटीला. अनिकेत ऑफिसला, रेणू लॅबमध्ये. बाईंचे डोळे उघडले. पाना फरशीवर पडला, त्या आवाजानं मी दचकले. त्यांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला होता.

"उंदीर असेल," मी म्हटलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

"बाई," त्या अगदी हळू म्हणाल्या, "ह्यो त्रिवेनीचा हात न्हाई."

"मग कुणाचा?"

"त्या दिवशीचा."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. पाणी त्यांनी प्यायलं नाही. मग पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली.

चाचणीचं पाणी कित्येक महिने चालू होतं, पण योजनेचं उद्घाटन त्या दिवशी होतं. अकरा वाजता तालुक्याचे साहेब येणार, देवळापाशी नळाची तोटी फिरवणार, पाणी पडणार, टाळ्या वाजणार. मांडव, लाउडस्पीकर, बँड. सकाळी टाकी शेवटची धुवायची म्हणून त्रिवेणी आत उतरली. तारामती खाली चाकापाशी. साहेब लवकर आले. माणसं धावत खाली आली, पाणी सोड, पाणी सोड. तारामतीनं तीन ठोके दिले. उत्तर नाही. पुन्हा दिले. नाही. तिसऱ्यांदा दिल्यावर थोड्या वेळानं वरून दोन ठोके आले.

"दोनी सारखे. खिळा ठोकल्यावानी. जड-हलका न्हाई. मला कळलं बाई, ह्यो हात तिचा न्हाई. पर मानसं बोंबलायली व्हती. मी चाक फिरवलं."

टाकीच्या शिडीशेजारीच पाइपचं तोंड होतं. त्रिवेणी शिडीवर असावी. पहिल्या धारेनं ती खाली फेकली गेली, डोकं सिमेंटवर आपटलं. खाली बँड वाजत होता. साहेबांनी तोटी फिरवली, पाणी पडलं. सगळ्या गावानं घरोघरी कळश्या भरल्या. जेवायला त्रिवेणी दिसेना म्हणून दुपारी लोक टाकीवर चढले.

"गावानं त्ये पानी पिलं व्हतं," बाई म्हणाल्या.

त्या घरात पाणी भरलं की पहिला पेला आजही कुणी पीत नाही, तुळशीत ओततात; तो का, ते मला त्या दिवशी कळलं.

ते दोन ठोके कुणी दिले, हे कुणीच कबूल केलं नाही. सगळे मांडवात होते म्हणे. गावात लोक म्हणू लागले की नव्या टाकीला माणूस लागतं, टाकीनंच वाजवलं. कुणी म्हणे त्रिवेणीच्या मरणानं आतून वाजवलं. एकोणीस वर्षं झाली. या बाईला एकच गोष्ट हवी होती. तो हात कुणाचा, हे मरायच्या आधी कळावं. रेणू दहा वर्षांची झाली तेव्हा त्यांनी तिला सांगून टाकलं होतं, "तुझ्या आईवर पानी मी सोडलं." वाजवणाऱ्याचं नाव त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून सगळा भार त्यांनी एकटीच्या डोक्यावर घेतला होता. घागर उतरली आणि हे चढलं.

"आन् आता त्योच हात हितं आलाय," त्या म्हणाल्या. "माझ्या मागं मागं."

त्या दिवसानंतर दर पाण्याच्या दिवशी उत्तर येऊ लागलं. तीन ठोके, आणि मग दोन. सारखे. भर दुपारी, उन्हात, शेजारच्या घरात टीव्ही चालू असताना. मी स्वयंपाकघरात रेडिओ मोठा लावून पाहिला. ठोके कानाला नाही, दातांत ऐकू यायचे. बाई वाळत चालल्या. माझी झोप गेली, आणि झोप गेली की माझा राग वाढतो. म्हटलं, सुलभा, तू गणिताची बाई आहेस. पाइप लांब आहे, पण अनंत नाही.

पुढच्या पाण्याला मी आधीच गच्चीवर जाऊन बसले. टाकी पाहिली, रिकामी. गच्चीवर चिटपाखरू नाही. पाइपवर तळहात ठेवला. खालून तीन ठोके आले. मग माझ्या तळव्याखाली दोन. वरून नव्हे. तेही खालूनच आले. म्हणजे मी आणि तारामतीबाई यांच्या मधे कुणीतरी होतं. दुसऱ्या मजल्याला कुलूप. राहिला पहिला.

हे मला तिथेच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं, आणि मला ते नको होतं. त्या दिवशी मी बाईंना काही बोलले नाही.

त्याच्या पुढच्या पाण्याला बाई खाली माझ्या स्वयंपाकघरात पोचल्या, आणि मी मागच्या जिन्यानं वर गेले. त्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं. घरात शुकशुकाट. मागच्या खोलीत हिम्मतराव उताणे पडले होते, डोळे उघडे, छताकडे. उजवा हात पोटावर ठेवलेला, मेलेला. डावा गोधडीवर, बोटात चांदीची जाड अंगठी.

खालून तीन ठोके आले.

त्यांचा डावा हात उठला. सावकाश, थरथरत, भिंतीकडे गेला. अंगठी पाइपवर टेकली. टण्. टण्. खिळा ठोकल्यासारखे, दोन्ही सारखे. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पकडलं गेल्याची लाज त्या नजरेत नव्हती. इतके दिवस कुणीच कसं आलं नाही, असं ती नजर विचारत होती. भूत असतं तर मी कमी घाबरले असते.

तारामतीबाई नेहमीसारख्या गच्चीकडे निघाल्या होत्या. जिन्यात स्वतःच्या घराचं दार उघडं दिसलं म्हणून आत आल्या. मला पाहिलं. मग नवऱ्याचा हात पाहिला, तो अजून पाइपवरच होता.

मला वाटलं ओरडतील, पडतील. त्या खाटेच्या काठावर बसल्या. हातातला पाना त्यांनी नवऱ्याच्या डाव्या मुठीत दिला आणि मूठ पाइपपाशी नेली.

"व्हय आसंल तर येक," त्या म्हणाल्या. "न्हाई आसंल तर दोन."

मी निघून जायला हवं होतं. गेले नाही.

"त्या दिवशी टाकीपाशी तुमी व्हता?"

एक.

"वर चढून बघितलं?"

दोन.

"भावजय आत साडी खोचून काम करत आसंल, म्हनून चढला न्हाई?"

एक.

"हाक मारली?"

एक.

"काय हाक मारली? कोन हाय का वर, आशी?"

एक. बाईंनी श्वास घेतला. त्यांचा आवाज तोवर अगदी सरळ होता.

"तिनं ओ दिली?"

पाना हवेतच राहिला. मग एक ठोका पडला. मला वाटलं, म्हणजे हो? आणि मग दुसरा पडला.

"आठ वर्सं," तारामतीबाई म्हणाल्या. "आठ वर्सांत ती तुमच्यासमोर कवा बोलली व्हती? घरातल्या मांजरालाबी म्हाईत व्हतं. तुमी इचारलं, ती गप ऱ्हायली, आन् तुमाला वाटलं कुनी न्हाई? सहीसारखंच वाजवून टाकलं तिच्या नावानं?"

ठोका नाही.

"ती बोलली आसंल," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज फुटला. "टाकीच्या भिताडाला बोलली आसंल. हळू. मी हाय म्हनून. खांबाला बोलायची तसं."

हिम्मतरावांच्या डोळ्यांतलं पाणी कानशिलावरून उशीत गेलं. पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता, त्यात पाना होता. आणि तो बाईंनी काढून घेतला नाही.

त्या दिवशी मोटार लागलीच नाही. संप भरून अंगणात पाणी वाहिलं, शेजारून कुणीतरी ओरडलं, "अम्मा, पानी बह रा जी!" कुणी उठलं नाही.

संध्याकाळी रेणू आली. बाईंनी मला जाऊ दिलं नाही. चपला काढून ती बसायच्या आत त्यांनी तिला सगळं सांगितलं, एक शब्द न झाकता. शेवटी म्हणाल्या, "वाजवलं त्यांनी. पर त्यो हात तुझ्या आईचा न्हाई हे मला कळलं व्हतं, आन् चाक मी फिरवलं. दोघांचं हाय. निम्मं-निम्मं करू नगंस, दोघांवर पुरं धर."

रेणू चोवीस वर्षांची आहे. टेन्शन नको घेऊ आंटी, असं दिवसातून दहादा म्हणणारी पोर. तिनं फक्त विचारलं, "काकी, आईचा आवाज कसा होता?"

तारामतीबाई आणि त्रिवेणी घरात एकमेकींच्या कानात बोलायच्या. मोठ्यानं बोललेली त्रिवेणी कुणी ऐकलीच नव्हती.

अकरा दिवस रेणू मागच्या खोलीत गेली नाही. पेज बाई भरवायच्या. मी सुचवलं, खाट दुसऱ्या भिंतीला लावू या का? "नगं," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या तितंच. ऐकू द्या." दर पाण्याला त्यांनी खालून तीन ठोके दिले. वरून काहीच आलं नाही. हिम्मतरावांचा हात गोधडीवर पडून राहायचा, असं त्या सांगायच्या. त्या शंभर मोजायच्या आणि जिने चढायच्या. मला वाटलं होतं ठोके थांबले की बरं वाटेल. नाही वाटलं. ती शांतता ठोक्यांपेक्षा वाईट होती, पाइपला कान लावला की एक पोकळ हुंकार यायचा, रिकाम्या घागरीत येतो तसा.

बाराव्या दिवशी सकाळी रेणू माझ्याकडून गच्चीची किल्ली घेऊन गेली, आणि तीन वाजता बाई आल्या. चेहरा खडूसारखा पांढरा. "रेनू घरी हाय, रजा काढलीया," एवढंच म्हणाल्या. पाना काढला. टण्, टण्, टण्. डोळे मिटून कान लावला. मीही दुसऱ्या बाजूनं लावला, आता लाज कसली?

पंचवीस. तीस. चाळीस.

टण्. आणि मग, हलकेच, टण्.

पहिला जड. दुसरा हलका. लोटा ठेवून त्यावर झाकण ठेवावं तसा.

तारामतीबाईंनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की बांगडी पिचली. तो हात रेणूला कुणी शिकवला, हे मी तिला नंतर विचारलं. "कसला हात, आंटी? दोनदा वाजवलं, बस," ती म्हणाली. जड-हलक्याचं तिला कुणी कधीच सांगितलं नव्हतं. मी बाईंनाही विचारलं. त्या नाही म्हणाल्या, आणि त्या खोटं बोलत नाहीत.

पण तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की वरून त्रिवेणीचे ठोके आलेत. बाईंचा हात बटणाकडे गेला नाही. त्यांनी मान वर केली, जिन्याच्या पोकळीत तोंड घातलं आणि पंधरा वर्षं टेकाडाकडे बघून जे ओरडल्या असतील तेच ओरडल्या.

"नाव सांग!"

मग तीन मजल्यांवरून आवाज आला, असा की गल्लीतली कबुतरं उडाली. पहिल्या मजल्यावर खाटेवरच्या माणसालाही तो ऐकू गेला असणार.

"रेणू! त्रिवेणीची रेणू! टाकीत कोण नाही, काकी! आत उतरून बघितलं, आता बाहेर आलेय! सोड पाणी!"

तारामतीबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि बटण दाबलं.